संगणकातील शेतीविषयक चित्रफिती दूरचित्रवाणी संचावर
घरगुती जाळ्याची मांडणी व तिचा गावकामी उपयोग

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्यांत दूरचित्रवाणी संच ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. अलीकडे घेतलेले बरेचसे संच 'स्मार्ट' या वर्गात मोडतात. म्हणजे केबल अथवा छत्रीवरून येणाऱ्या कार्यक्रमांखेरीज घरातील वायफाय जाळ्याशी जोडले जाण्याची सोय त्यांत असते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात संगणक असतो, काही घरांत मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप असतो, आणि मोबाइलने टिपलेल्या चित्रफिती तर घरोघरी साठलेल्या असतात. एवढी साधने असूनही केळीवरील हरण्या रोगाची चित्रफीत पाहावयाची झाली, की चार माणसे एका मोबाइलच्या वीतभर पडद्यावर डोकी जुळवून बसलेली दिसतात. पाचव्या माणसाला पानावरील पट्टे दिसत नाहीत. आणि रोगट झाडे नेमकी त्याच्याच बागेत उभी असावयाची.

हरण्याचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हा रोग ककंबर मोझॅक विषाणूमुळे होतो व मावा ही कीड त्याचा प्रसार करते. २०२० सालच्या पावसाळ्यात रावेर व यावल तालुक्यांतील केळीबागांना त्याने मोठा तडाखा दिला. एकदा लागण झालेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणे हाच उपाय आहे. म्हणजे एका शेतकऱ्याने रोग ओळखण्यात आठ-पंधरा दिवस घालविले, तर त्याची शिक्षा शेजारच्या बांधालाही भोगावी लागते. रोगाची पहिली खूण, म्हणजे कोवळ्या पानांवर शिरांना धरून उमटणारे फिकट पिवळे पट्टे, शब्दांत वाचली तर पाच शेतकरी पाच निरनिराळी चित्रे मनात आणतात. अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही पान पिवळे पडते, आणि बागाईतदार तिकडेच बोट दाखवून मोकळा होतो. मोठ्या पडद्यावर एकच पान सर्वांनी एकाच वेळी पाहिले, त्यावर बोट ठेवून बोलता आले, तर हा घोटाळा पुष्कळ कमी होतो.

अशा चित्रफिती संगणकात साठवून, तारेशिवाय अथवा एका तारेच्या साहाय्याने, दुसऱ्या खोलीतील दूरचित्रवाणी संचावर कशा दाखवाव्यात, याचे विवेचन पुढे केले आहे.

वायफाय व इंटरनेट यांतील भेद

या कामात सर्वांत मोठी अडचण यंत्राची नसून समजुतीची आहे. इंटरनेट बंद पडले की वायफायही बंद पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते बरोबर नाही. राउटर नावाची छोटी पेटी घरातल्या घरात एक स्वतंत्र जाळे निर्माण करते. इंटरनेट हा त्या जाळ्याला बाहेरून येऊन मिळणारा हमरस्ता होय. हमरस्त्यावर पूल वाहून गेला तरी खळ्यापासून घरापर्यंतची पाणंद चालूच असते व बैलगाडी त्या पाणंदीवरून खुशाल ये-जा करू शकते. त्याचप्रमाणे संगणक व दूरचित्रवाणी संच हे दोन्ही एकाच राउटरला जोडलेले असतील, तर इंटरनेट नसतानाही संगणकातील चित्रफीत संचावर दिसते. तिच्यासाठी मोबाइलच्या डेटाचा एक पैसाही खर्च होत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, शिरपूर व चोपडा तालुक्यांच्या उत्तर भागात किंवा पालच्या परिसरात, जेथे मोबाइलची लहर येते न येते, तेथे या गोष्टीचे मोल अधिक आहे. ग्रामकार्यकर्त्याने तालुक्याच्या गावी असताना चित्रफिती एकदा उतरवून घ्याव्यात आणि गावात त्या पाहिजे तितक्या वेळा दाखवाव्यात.

सामुदायिक श्रवणाचा पूर्वानुभव

मंडळी जमवून कार्यक्रम ऐकविणे वा दाखविणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, नाशिक, कोल्हापूर आदी पाच मराठी जिल्ह्यांतील १५० खेड्यांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळातील सभासद तो एकत्र ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. श्रोतृमंडळे असलेल्या व नसलेल्या गावांची तुलना केली असता मंडळांच्या गावांत माहितीची वाढ स्पष्ट दिसून आली, आणि १९५९ पासून ही योजना देशात अन्यत्र नेण्यात आली. पुढे दिल्ली दूरदर्शनवर २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत शिक्षणविषयक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

या साऱ्या प्रयोगांत एक उणीव अपरिहार्य होती. कार्यक्रमाची वेळ केंद्र ठरवीत असे आणि गावाला त्या वेळेला हजर राहावे लागे. पाण्याची पाळी रात्री दहाची असो की वीज सायंकाळी गेलेली असो, कार्यक्रम कोणासाठी थांबत नसे. शिवाय तो मध्येच थांबवून 'हे पान पुन्हा दाखवा' असे म्हणण्याची सोय नव्हती. घरच्या संगणकातून चित्रफीत दाखविताना ही सोय आयती मिळते. सर्व खटाटोपाचे सार्थक याच एका गोष्टीत आहे, असे म्हटले तरी चालेल.

तीन मार्ग

काम जेवढे असेल तेवढेच साधन वापरावे. दहा मिनिटांची एकच चित्रफीत एकदाच दाखवावयाची असेल, तर जाळ्याच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. ती पेनड्राइव्हवर घेऊन संचाच्या मागील खाचेत बसवावी. मात्र पेनड्राइव्ह जुन्या 'फॅट-३२' पद्धतीने तयार केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी एकसंध चित्रफीत त्यावर मावत नाही, हे ध्यानात ठेवावे. संगणक संचाशेजारीच ठेवता येत असेल, तर एचडीएमआयची तार हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. संगणकावर जे दिसते तेच संचावर दिसते. पाच-दहा मीटरच्या पलीकडे मात्र ही साधी तार भरवशाची राहत नाही.

जाळ्याचा मार्ग केव्हा धरावा? चित्रफितींचा संग्रह वाढत जाणारा असेल, संगणक एका खोलीत व संच दुसऱ्या खोलीत अथवा सभागृहात असेल, किंवा एकाच संग्रहातून दोन-तीन संचांवर दाखवावयाचे असेल, तेव्हा. पेनड्राइव्ह हातोहात फिरतो, हरवतो आणि फिरता फिरता इतर संगणकांतील विषाणूही सोबत आणतो. संग्रह एका जागी व एकाच्या जबाबदारीवर असणे चांगले. धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत गेल्या दशकात लोकवर्गणीतून डिजिटल साधने आली आहेत. शाळा ग्रामपंचायतीला लागून असेल, तर मुख्याध्यापकांच्या संमतीने सुटीच्या वेळी त्याच संचाचा उपयोग करता येईल.

प्रत्यक्ष मांडणी

प्रथम राउटर चालू करून संगणक व दूरचित्रवाणी संच हे दोन्ही त्याच्या एकाच जाळ्याला जोडावेत. पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे, म्हणजे 'गेस्ट नेटवर्क', असते. त्यावर जोडलेल्या यंत्रांना एकमेकांची ओळख करून न देणे हाच त्या जाळ्याचा उद्देश असतो. संच चुकून त्यावर जोडला गेला, तर संगणक कितीही शोधला तरी सापडत नाही आणि तासन्‌तास फुकट जातात.

विंडोज प्रणालीच्या संगणकात जाळ्याचा प्रकार 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' असा निवडावा. पब्लिक या प्रकारात संगणक इतर यंत्रांपासून स्वतःला लपवून ठेवतो. बसस्थानकावर ते योग्यच आहे, परंतु घरात ते अडचणीचे ठरते. त्यानंतर चित्रफितींसाठी एक वेगळे दालन, म्हणजे फोल्डर, तयार करावे व केवळ तेच जाळ्यावर खुले करावे. ही सूचना लहान वाटली तरी मोडू नये. ज्या घरी सगळेच फोल्डर खुले केले जातात, त्या घरी बोंडअळीच्या सभेत लग्नाची छायाचित्रे पडद्यावर येण्याचा प्रसंग दूर नसतो. ग्रामपंचायतीच्या संगणकात तर गावाचे दप्तर असते. तेथे याबाबत हयगय अक्षम्य होय. शक्य तर प्रदर्शनासाठी जुना का होईना, पण निराळा संगणक वापरावा.

आता चित्रफिती वाटण्याचे काम करणारी कार्यप्रणाली हवी. विंडोजमध्येच 'मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स' या नावाची सोय कंट्रोल पॅनलमध्ये असते. ती चालू केली असता संगणकाचे नाव दूरचित्रवाणी संचाच्या 'सोर्स' अथवा 'मीडिया' या यादीत दिसू लागते. हे शक्य होते ते डीएलएनए नावाच्या सामायिक संकेतामुळे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांची भाषा समजावी म्हणून हा संकेत २००३ साली स्थापन झालेल्या एका उद्योगसंघाने घालून दिला. तो संघ २०१७ मध्ये विसर्जित झाला; तथापि संकेत अनेक संचांत आजही चालतो.

दुसरा मार्ग 'जेलीफिन' या कार्यप्रणालीचा. ती विनामूल्य व मुक्त स्वरूपाची असून संगणकावर बसविल्यावर चित्रफितींचे एक नीटनेटके ग्रंथालय तयार करते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या संचात जेलीफिनचे अॅप घ्यावे. त्यात संगणकाचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० आणि पुढे विसर्गचिन्ह देऊन ८०९६ हा द्वारक्रमांक, लिहावा. अॅप बसवितेवेळी इंटरनेट लागते, पुढे लागत नाही. म्हणून ही तयारी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अगोदर उरकून घ्यावी. राउटर हा पत्ता अधूनमधून बदलण्याचा संभव असतो. तेव्हा राउटरच्या मांडणीत जाऊन त्या संगणकासाठी तो पत्ता कायमचा राखून ठेवावा. 'परवा दिसत होते, आज दिसत नाही' या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा पत्त्याची ही अदलाबदलच असते.

संगणकाची झोपी जाण्याची सोय प्रदर्शनाच्या वेळी बंद ठेवावी. कळफलकाला कोणी हात लावला नाही, की अर्ध्या तासाने संगणक निद्रिस्त होतो आणि पडद्यावरील अळी आहे तेथेच थिजून राहते. राउटरचा संकेतशब्द मजबूत ठेवावा, आणि गावाबाहेरून हा संग्रह पाहता यावा म्हणून राउटरची द्वारे उघडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

मातीच्या भिंती, पत्रे व उन्हाळा

शहरासाठी लिहिलेल्या सूचना खानदेशातील घरांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येथील जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींची असतात. त्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, पण वायफायच्या लहरी तेवढ्याच दमाने अडवितात. पत्र्याचे छत व पत्र्याची पडवी लहरी परतवून लावते. राउटर दोन कंप्रतांवर काम करतो: २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ. पहिलीची लहर भिंतीतून बरी पार होते, परंतु तिचा वेग कमी असतो व शेजारच्या घरांतील राउटरांची तिच्यावर गर्दी असते. दुसरीचा वेग चांगला, मात्र एक जाड भिंत आली की ती दम टाकते. एकाच खोलीत संच व राउटर असल्यास ५ गिगाहर्ट्झ घ्यावी, मध्ये भिंत असल्यास २.४ घेऊन पाहावी.

मध्ये दोन भिंती असतील, तर लहरींशी झगडत न बसता तार ओढावी, हे उत्तम. इथरनेटची तार १०० मीटरपर्यंत व्यवस्थित काम देते. ओट्यावरून, चौकटीच्या कडेने ती सहज नेता येते. संगणक राउटरला तारेने जोडला व केवळ संच वायफायवर ठेवला, तरी निम्मा भार हलका होतो. राउटर देवळीत किंवा लोखंडी कपाटामागे दडवू नये. उघड्या जागी, माणसाच्या उंचीहून किंचित वर ठेवावा.

एप्रिल-मेमध्ये जळगावचे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. दुपारी बंद खोलीत संगणक चालविल्यास तो स्वतःच्या संरक्षणासाठी मंद होतो वा बंद पडतो. कापूस साठविण्याच्या हंगामात संगणक त्याच खोलीत असेल, तर पंख्याच्या जाळीत तंतू अडकतात. महिन्यातून एकदा जाळी ब्रशाने स्वच्छ करावी. उन्हाळ्यात प्रदर्शन रात्री आठनंतर ठेवणे माणसांना व यंत्रांना दोघांनाही सोसते.

विजेचा हिशेबही आधी करावा. ४३ इंची संचाला साधारणतः ८० ते १०० वॉट, लॅपटॉपला ५० वॉट व राउटरला १० वॉट धरले, तर एकूण गरज १६० वॉटच्या घरात जाते. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली असता तीत १,८०० वॉट-तास ऊर्जा असते. बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू द्यावयाची नाही असे ठरवून व वाटेतील घट वजा करूनही दोन-अडीच तासांचा कार्यक्रम निर्वेध पार पडतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर येण्याच्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो, व त्यात दोन-तीन मिनिटे जातात. राउटरसाठी मिळणारा लहानसा १२ व्होल्टचा बॅटरीसंच बसविल्यास ही खोटी टळते.

चित्रफितीचे रूप

तक्रारींचा सर्वांत मोठा भाग येथे उद्भवतो, म्हणून या विषयाकडे अधिक लक्ष द्यावे. चित्रफीत ही पेटीत भरलेल्या मालासारखी असते. पेटीचे नाव एमपी४ असले, तरी आतील माल निरनिराळ्या रीतींनी दाबून भरलेला असतो. एच.२६४ ही जुनी व सर्वत्र चालणारी रीत, एच.२६५ ही नवी रीत जागा कमी घेते, पण जुन्या संचांना ती उलगडता येत नाही. संचाला न उलगडणारी फीत आली, की जेलीफिनसारखी प्रणाली ती चालू असतानाच रूपांतरित करून देण्याचा प्रयत्न करते. हे काम संगणकाला फार जड असते. जुना संगणक त्याखाली दबतो व पडद्यावर गोल फिरणारे चक्र तेवढे दिसत राहते. लोक मग वायफायला दोष देतात.

उपाय सोपा आहे. प्रदर्शनापूर्वी, शक्य तर आदल्या रात्रीच, 'हँडब्रेक' या विनामूल्य कार्यप्रणालीने सर्व फिती एच.२६४ रीतीत, एएसी ध्वनीसह, १०८० रेषांच्या मापात करून ठेवाव्यात. रात्रभर संगणक ते काम करीत राहील. ज्या फिती मूळच्याच या रूपात असतील त्यांना हात लावू नये. प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा कस जातो.

भार किती पडतो याचाही अंदाज असावा. सेकंदाला ८ मेगाबिट या दराची फीत म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. दहा मिनिटांची फीत ६०० मेगाबाइट व तासाची ३.६ जीबी. हा भार साधा राउटर सहज पेलतो. मोबाइलवर '४के' या मापात टिपलेली फीत मात्र याच्या पाच-सहा पट भार टाकते, आणि गावातील ४३ इंची संचावर पाहणाऱ्याला तिचा लाभ जवळजवळ शून्य असतो. म्हणून टिपतानाच मोबाइल १०८० वर ठेवावा. मोबाइल आडवा धरावा. उभा धरून टिपलेले चित्र संचावर दोन काळ्या पट्ट्यांमध्ये अरुंद उभे राहते. केळीबागेत वारा असला की पानांच्या सळसळीत बोललेले ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या सदऱ्याला तारेचा लहान ध्वनिग्राहक लावावा, किंवा नंतर घरी बसून निवेदन भरावे.

फितींची नावे पीक व महिना यांवरून ठेवावीत. काही संचांना देवनागरी अक्षरे उमटविता येत नाहीत व नावाच्या जागी चौकोन दिसतात. अशा ठिकाणी नुसते क्रमांक द्यावेत आणि क्रमांकांची यादी भिंतीवर चिकटवावी. हा ओबडधोबड उपाय आहे, पण सभेत कामी येतो.

फिती मिळविण्याबाबत एक सूचना आवश्यक आहे. दुसऱ्याची चित्रफीत परवानगीवाचून उतरवून सार्वजनिकरीत्या दाखविणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या विरुद्ध ठरू शकते. चित्रपट व क्रिकेटचे सामने यांना तर हात लावूच नये. ममुराबाद, पाल व धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे, जळगावच्या केळी संशोधन केंद्राकडे किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे फितींची रीतसर मागणी करावी. आणि गावातल्या शेतात, शेतकऱ्याच्या संमतीने, स्वतः टिपलेली फीत सर्वांत उपयोगी पडते. दुसऱ्या जिल्ह्यातील बाग पाहताना प्रेक्षक 'तिकडची जमीन वेगळी' असे म्हणून मोकळा होतो; स्वतःच्या शिवारातील बाग पाहताना त्याला ती पळवाट राहत नाही.

प्रदर्शनाची रीत

४३ इंची संचासमोर चाळीस माणसे बसविली, तर मागच्या वीस जणांना पानावरील पट्टे दिसणार नाहीत. पंधरा-वीस जणांचे दोन गट करून तीच फीत दोनदा दाखवावी. संचाचा स्वतःचा ध्वनी पाठीमागच्या भिंतीकडे जातो व ओट्यावर बसलेल्यांना पोहोचत नाही. बाहेरचा ध्वनिक्षेपक तारेने जोडावा. ब्लूटूथने जोडल्यास ओठांची हालचाल व शब्द यांत अंतर पडते आणि लहान मुले हसू लागतात.

सभेच्या किमान एक तास आधी सर्व मांडणी चालू करून प्रत्येक फीत पहिली दोन मिनिटे पाहून घ्यावी. पहिल्या सभेत यंत्र बिघडले, तर दुसऱ्या सभेला येणारी माणसे निम्मी होतात. आणि जी येत नाहीत त्यांत ज्यांना त्या माहितीची सर्वाधिक गरज असते तेच अधिक असतात. एवढे करूनही जाळे दगा देईलच असे समजून त्याच फितींची एक प्रत पेनड्राइव्हवर खिशात ठेवावी.

फीत सलग दाखवू नये. कपाशीचे उदाहरण घेऊ. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे फार मोठे नुकसान केले. या किडीची आरंभीची खूण म्हणजे डोमकळी: फुलाच्या पाकळ्या उमलण्याऐवजी आतून गुंफल्या जाऊन मिटलेल्या राहतात. डोमकळी पडद्यावर येताच फीत थांबवावी व प्रेक्षकांपैकी एकाला पुढे बोलावून निरोगी फूल व डोमकळी यांतील भेद बोटाने दाखविण्यास सांगावे. त्याचे चुकले तर दुसरा दुरुस्त करील. त्यानंतर कामगंध सापळ्याचे दृश्य लावावे. पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे लावावेत, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाययोजनेची वेळ आली असे समजावे. हे आकडे सांगून पुढे सरकू नये. पुन्हा फीत थांबवून 'काल कोणाच्या सापळ्यात किती?' असे विचारावे. सापळाच लावलेला नसल्याचे बहुधा याच वेळी उघडकीस येते.

मक्याच्या लष्करी अळीबाबतही हीच पद्धत. डोक्यावरील उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके ही ओळख थांबलेल्या, मोठ्या केलेल्या चित्रात लहान मुलालाही पटते. धावत्या चित्रात ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.

हंगाम व भाषा

फीत योग्य वेळी दाखविली तरच तिचे मोल. केळीच्या मृगबागेसाठी हरण्याची फीत लागवडीपूर्वी, म्हणजे जूनच्या आरंभी, दाखवावी. बागेत वा बागेलगत काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची घेऊ नये, ही गोष्ट लागवड होऊन गेल्यावर सांगण्यात अर्थ नसतो. जुलैअखेर ती पुन्हा दाखवून दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळींना बागेतच न्यावे. कपाशीच्या बाबतीत हंगामपूर्व लागवड टाळण्याविषयीची फीत मेमध्ये, डोमकळी व सापळ्यांची जुलै-ऑगस्टमध्ये, आणि फरदड न घेण्याविषयीची नोव्हेंबरमध्ये, भाव वाढेल या आशेने शेतकरी पऱ्हाट्या उभ्या ठेवण्याचा विचार करू लागण्यापूर्वी दाखवावी.

विद्यापीठीय फितींतील मराठी सर्वांना सारखी पोहोचत नाही. धुळ्याकडे घरात अहिराणी बोलली जाते, रावेर-यावलकडे लेवा बोली, तर शिरपूरच्या डोंगराळ भागात पावरा. ज्या फितींत दृश्य पुरेसे बोलके आहे, तेथे मूळ ध्वनी बंद करून ग्रामकार्यकर्त्याने अथवा गावातील जाणत्या शेतकऱ्याने बोलीत निवेदन करावे. हे निवेदन चांगले उतरले, तर ज्यांची फीत आहे त्यांच्या परवानगीने ते भरून नवी प्रत करावी. जेलीफिनमध्ये एका फितीला दोन ध्वनिपट्ट्या ठेवण्याची सोय आहे; रिमोटवरून हवी ती निवडता येते. स्त्रियांची सभा दुपारी स्वतंत्र घ्यावी. निंदणी, वेचणी व बोंडांची पारख त्यांच्याच हातून होत असल्याने डोमकळी प्रथम त्यांना दिसते, आणि रात्रीच्या सभेत त्या मागच्या दारात उभ्या राहतात.

प्रत्येक सभेनंतर तारीख, दाखविलेल्या फितीचा क्रमांक, हजर मंडळींची संख्या व कोणत्या ठिकाणी फीत थांबवून चर्चा झाली, एवढी नोंद वहीत करावी. संपूर्ण संग्रहाची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवावी. ही प्रत मेअखेर, वळवाच्या पावसातील विजा कडाडू लागण्यापूर्वी, अद्ययावत करून घ्यावी. आणि विजा सुरू झाल्या की संगणक, संच व राउटर यांच्या पिना भिंतीतून काढून ठेवाव्यात.